लॅबमध्ये रंग वाचायला शिकताना

डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, नव्याने आलेली मुलं आधी पीएचनुसार रंग बदलणाऱ्या दर्शकांचा तक्ता पाठ करतात. फिनॉल्फ्थॅलिन साधारण 8.2 पीएचपर्यंत रंगहीन, पुढे गुलाबी. मिथिल ऑरेंज 3.1 च्या खाली लाल, 4.4 च्या वर पिवळं. परीक्षेला हे लागतंच. पण रिपोर्ट पेशंटच्या हातात जातो, तेव्हा रंग आला कशामुळे हे माहीत असायला हवं. सोलापुरात लॅबमध्ये काम करताना नव्यांना मी हेच आधी सांगते.

रक्तातल्या साखरेची जीओडी-पीओडी पद्धत घ्या. ग्लुकोज ऑक्सिडेज (जीओडी) हे एन्झाइम ग्लुकोजवर काम करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, आणि पेरॉक्सिडेज (पीओडी) या दुसऱ्या एन्झाइमच्या मदतीने त्यापासून गुलाबी रंग बनतो. 505 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात तो मोजायचा. साखर जास्त, तर रंग गडद.

मे महिन्यात इथे पारा 40 च्या वर जातो, तेव्हा खरी कसोटी लागते. रक्त काढल्यावरही पेशी ट्यूबमधलं ग्लुकोज वापरत राहतात; साध्या तापमानालाही ताशी 5 ते 7 टक्के घट होते, उन्हात त्याहून जास्त. मोहोळ-अक्कलकोटहून येणारा नमुना साध्या ट्यूबमध्ये असेल, तर साखर खोटी कमी दिसेल. पेशींचा हा ग्लुकोज-वापर रोखणारी करड्या झाकणाची फ्लोराइड ट्यूबच मागा, आणि रक्त घेतल्यावर हलक्या हाताने उलटसुलट करायला सांगा. रीएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवायचं. ब्लँकच, म्हणजे नमुना न घातलेलं नुसतं रीएजंटच, गुलाबी दिसू लागलं, तर ती बाटली वापरू नका, कितीही महाग असो.

लघवीच्या पट्टीला वेळेचं बंधन आहे: ग्लुकोजचा चौकोन साधारण 30 सेकंदांनी, पांढऱ्या पेशींचा 2 मिनिटांनी. उशिरा पाहिलेला रंग धरायचा नाही. पट्टी खिडकीजवळ किंवा पांढऱ्या ट्यूबलाइटखालीच पाहा. बाटलीचं झाकण लगेच लावा, दमटपणाने पट्ट्या निकामी होतात.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. व्हिटॅमिन सी भरपूर घेणाऱ्या पेशंटच्या लघवीत साखर असूनही पट्टी निगेटिव्ह येऊ शकते, कारण पट्टीवरही पेरॉक्साइडमुळेच रंग येतो आणि हे व्हिटॅमिन ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं. बेनेडिक्ट चाचणीत, म्हणजे तांब्याच्या निळ्या द्रावणात लघवी तापवून साखर पाहतात तिथे, मात्र उलट: तेच व्हिटॅमिन त्या द्रावणातल्या तांब्याचं क्षपण करतं आणि साखर नसताना हिरवट-पिवळा रंग येऊ शकतो. म्हणून नमुना घेतानाच गोळ्या विचारा आणि फॉर्मवर लिहा. दोन पद्धती जुळल्या नाहीत, तर रिपोर्ट सोडण्याआधी पॅथॉलॉजिस्टला दाखवा; गोळी बंद करायला आपण सांगायचं नाही.