अडकलेली कॉटर पिन घरी काढताना

पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला 'टक्' आवाज येतो, आणि सायकल स्टँडला लावून क्रँक (पायडल ज्याच्या टोकाला असतो तो दांडा) हाताने हलवला की तो एक्सलवर जरासा खेळतो? मग कॉटर, म्हणजे क्रँकला एक्सलवर धरून ठेवणारी पिन, गेली. मी बोलतोय ती आपल्या काळ्या, दांडीच्या, मोठ्या कॅरिअरच्या सायकलीबद्दल. चौकोनी एक्सलच्या नव्या सायकलीत कॉटर नसतेच, त्यांनी हे वाचून वेळ घालवू नये.

मी साखर कारखान्यात फिटर होतो. ऑफ सीझनला मळीने चिकटलेले आणि गंजलेले नट सोडवणं हे आमचं रोजचं काम. तिथे शिकलेली एक गोष्ट सायकलीला तंतोतंत लागू पडते: वस्तू निघत नाही तेव्हा बहुतेक वेळा ठोका कमी पडत नसतो, खालचा आधार कमी पडत असतो.

आधी पिन कशी असते ते समजून घ्या. गोल सळई, तिच्या एका अंगाला उतरती चपटी बाजू, बारीक टोकाला आटे. ती क्रँकच्या भोकातून आडवी जाते आणि तिची चपटी बाजू एक्सलवरच्या खाचेवर पाचरीसारखी बसते. म्हणजे पकड पाचरीची आहे, नटची नाही. नट फक्त पिनला मागे सरकू देत नाही. त्यामुळे काढायची ती नेहमी आट्यांच्या टोकावरून ठोकून. डोक्याकडून ठोकलंत तर ती आणखी घट्ट होईल. हे सांगावं लागतं, कारण अशी ठोकून घट्ट केलेली पिन घेऊन लोक माझ्याकडे आले आहेत.

एक बाजू सैल झाली तरी दोन्ही बाजू बघा. उजवा क्रँक आणि चेनव्हील एकाच जोडातले, त्यामुळे उजव्या पायाचा जोर सरळ चेनला जातो. डाव्या पायाचा जोर मात्र डावी कॉटर, मग एक्सल, मग उजवी कॉटर असा फिरून चेनव्हीलला पोचतो. दोन्ही पिना त्या एका पायाचं ओझं वाहतात.

आदल्या रात्री तेल सोडा. डब्ल्यूडी-४० असेल तर उत्तम. नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून औषधाच्या ड्रॉपरने घाला. तीन ठिकाणी: नटच्या बाजूने, डोक्याच्या बाजूने आणि क्रँक व एक्सल यांच्यामधल्या फटीत. तिसरी जागा सगळे विसरतात आणि खरा गंज तिथेच असतो. पावसाळ्यात पाणी तिथून आत जातं, लोखंडाचा गंज होताना तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, आणि आधीच पाचर असलेली पिन चारी बाजूंनी आवळली जाते. तासाभराने तेल उतरलं नाही म्हणून ओरडू नका, रात्र जाऊ द्या.

सकाळी मुख्य काम. अर्धा इंची जीआय पाइपचा तुकडा घ्या. नळाचं काम करणाऱ्याकडे भंगारात मिळतो. पिनचं डोकं त्याच्या तोंडात अलगद जायला हवं आणि पाइपची कड क्रँकला टेकायला हवी. सायकल उभी ठेवून क्रँक आडवा करा, म्हणजे पिन उभी होईल. आटे वर, डोकं खाली. आता जमिनीपासून क्रँकच्या खालच्या बाजूपर्यंत माप घ्या आणि पाइप त्यापेक्षा दोन सूत जास्त कापा. टोकं कानशीने सपाट करा. तो क्रँकखाली उभा केला की सायकलचं थोडं वजन पाइपवर आलं पाहिजे, मागचं चाक किंचित उचललं गेलं तरी चालेल. खाली कोबा हवा किंवा लोखंडी पट्टी. घरातल्या टाइल्सवर हा उद्योग केलात तर पिन निघेल की नाही माहीत नाही, टाइल नक्की निघेल.

पाइप का, तर आधाराशिवाय ठोकलं की धक्का पिनला न बसता एक्सलमधून छर्‍यांना आणि वाट्यांना बसतो. वाट्यांत खड्डे पडतात, आणि एका पिनच्या नादात सगळा बॉटम ब्रॅकेट (एक्सल, छर्रे आणि वाट्या असा पूर्ण संच) बदलावा लागतो. शिवाय क्रँक स्प्रिंगसारखा खाली दबतो आणि जोर वाया जातो. मी घरी नातवाला हँडल धरायला लावतो. सायकल हलता कामा नये.

नट पूर्ण काढू नका. तो इतकाच सोडा की त्याची वरची कड आट्यांच्या टोकाशी समपातळीत येईल. त्यामुळे ठोका नट आणि आटे दोघांवर वाटला जातो आणि टोक वाकत नाही. वर पितळेचा तुकडा ठेवा. डोळ्यांना चष्मा लावा. मग दोन पौंडी हातोडी घ्या आणि एकच सरळ, भरीव ठोका द्या. छोट्या हातोडीने टकटक करत बसू नका: हलक्या ठोक्यांनी पिन सरकत नाही, तिचं टोक तेवढं पसरतं आणि मग ते भोकातून जातच नाही. चांगला ठोका बसला आणि पिन सुटली की आवाज बदलतो, ठणठणीत होता तो भद्द होतो. त्यानंतर नट काढून पंचने पिन खाली पाडा.

उजव्या बाजूला आधी चेनकव्हर काढावं लागेल. बाकी तेच.

व्हाइस असेल तर आणखी बरं. एका जबड्याकडे पिनच्या डोक्यावर बसेल असा सॉकेट, दुसऱ्या जबड्याकडे थेट आटे, आणि हळूहळू आवळायचं. सायकल व्हाइसपर्यंत उचलून धरायला दोन माणसं लागतात, हाच त्रास.

एवढं करूनही हलली नाही तर उष्णता. तेल आधी नीट पुसून घ्या, टायर आणि प्लास्टिक लांब ठेवा, आणि छोट्या गॅस टॉर्चने क्रँकचा फक्त डोळा, म्हणजे पिनच्या भोकाभोवतीचा भाग, तापवा, पिन नाही. ९.५ मिमीचं भोक दीडशे अंशांनी तापवलं तर जेमतेम ०.०१७ मिमी मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड तुटायला तेवढं पुरतं. पिन तापायच्या आत लगेच ठोका. तापलेल्या भागावर स्प्रे मारू नका, पेटतो.

शेवटचा उपाय ड्रिल. पिनच्या डोक्यावर मध्यभागी पंचने खूण करा, आधी ३ मिमी, मग ५ मिमी. त्याहून मोठं नको, कारण बारीक टोकाकडे पिन चपटी झालेली असते आणि ड्रिल एक्सलला खाऊ लागतं. पिन पोकळ झाली की तिचा ताण उतरतो, मग पुन्हा पाइप आणि हातोडी.

नवी पिन आणायला जुनी सोबत न्या, दुकानात दोन-तीन जाडीच्या असतात. बसवताना दोन्ही पिनांची तोंडं एकमेकांच्या उलट हवीत, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येणार नाहीत. आटे पुरेसे बाहेर येत नसतील तर चपटी बाजू कानशीने थोडी थोडी, उतार न बिघडवता घासा. मी ग्रीसचा पातळ हात लावतो. काही मिस्त्री कोरडीच बसवा म्हणतात, पण त्यांच्याकडे आमच्यासारखा पाऊस नसावा. पुन्हा पाइपचा आधार देऊन डोक्यावर ठोकून बसवा, मग नट आवळा. नटने पिन ओढून घेऊ नका, आटे जातात.

बाजारापर्यंत एक फेरी मारून या, परत डोक्यावर एक ठोका द्या आणि नट तपासा. पहिल्या फेरीनंतर तो अर्धा फेरा तरी आवळला जातोच.