औषधाला दाद न देणारे आतड्यातले जिवाणू : या चुका टाळा

कल्चरच्या (नमुन्यातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टवर ‘ईएसबीएल’ (पेनिसिलिनसारखी बरीच अँटिबायोटिक्स निकामी करणारं जंतूंचं विकर) किंवा ‘सीआरई’ (कार्बापेनेम या राखीव औषधांनाही दाद न देणारे जंतू) ही अक्षरं दिसली की घरचे हादरतात आणि डॉक्टरांकडे सगळ्यात ‘स्ट्राँग’ अँटिबायोटिक मागू लागतात. आधी दोन गोष्टी बघा : नमुना कशाचा होता आणि रुग्णाला त्रास काय होतोय. ई. कोलाय, क्लेबसिएला ही मंडळी आतड्यातच राहणारी. त्यातले काही औषधाला दाद देत नसले, तरी आतड्यात असेपर्यंत ते बहुधा कुणाला त्रास देत नाहीत. लघवीच्या मार्गात, रक्तात किंवा जखमेत शिरले की दुखणं सुरू होतं. शौचाच्या तपासणीत सापडले म्हणून त्यांना हुसकावायला गोळ्या घेणं ही चूकच. युरोपातल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत असे उपचार सरसकट करू नयेत असंच सांगितलं आहे. अँटिबायोटिकने मरतात ते साधे, निरुपद्रवी जिवाणू. जागा मोकळी होते आणि ती बळकावतात नेमके हे दाद न देणारेच.

लघवीच्या रिपोर्टचंही तसंच. जळजळ नाही, ताप नाही, केवळ ‘रूटीन’ म्हणून केलेल्या कल्चरमध्ये जंतू आले, तर बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदर बाई आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण हे मुख्य अपवाद.

आणखी एक चूक शिकलेली माणसंही करतात. रिपोर्टमध्ये औषधापुढे ‘एस’ (जंतू दाद देतो) किंवा ‘आर’ (दाद देत नाही) असतं, शेजारी एक आकडा असतो : जंतूची वाढ थांबवायला ते औषध किमान किती लागतं त्याचा. ज्याचा आकडा सगळ्यात लहान ते औषध सगळ्यात चांगलं, असा हिशोब मांडू नका. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते. एकाचा ०.५ आणि दुसऱ्याचा ४ यांची तुलनाच होत नाही.

‘मी कधी हॉस्पिटलची पायरी चढलो नाही, मला कुठून होणार?’ हा भ्रम सगळ्यात पक्का. नेदरलँड्समधल्या प्रवाशांचा एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. निघताना ज्यांच्या आतड्यात ईएसबीएलवाले जंतू नव्हते, त्यातले सुमारे ३४ टक्के लोक ते घेऊन परतले. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांत हे प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपास होतं. निम्म्या लोकांच्या आतड्यातून ते महिन्याभरात गेले, पण दहातल्या एकाकडे वर्षानंतरही होते. ही पाहुण्यांची गत. आपण तर इथेच राहतो, इथलंच पाणी पितो. प्रवासात ज्यांना जुलाब झाले किंवा ज्यांनी अँटिबायोटिक घेतलं, त्यांचा धोका जास्त निघाला.

म्हणूनच जुलाब लागले की मेडिकलमधून दोन औषधांची जोडगोळी आणून गिळायची आपली सवय महागात पडते. पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा आपोआप थांबतात. लागतं ते ओआरएस, लहान मुलांना सोबत झिंक. रक्त पडत असेल, जोराचा ताप असेल तर डॉक्टरांकडे जा. औषध कायद्याच्या ‘एच-वन’ यादीतली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१४पासून आहे. तो कितपत पाळला जातो हे वाचकांना सांगायला नको.

औषधाला दाद न देण्याचा गुण हे जंतू जनुकांतून एकमेकांना देतात, तेही जात न पाहता. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला गेलेल्या एका रुग्णाच्या लघवीत २००८ साली क्लेबसिएला सापडला. त्याच्यातलं, औषधं निकामी करणारं नवं जनुक त्याच रुग्णाच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही निघालं. पुढे त्याला ‘एनडीएम-१’ (यातलं ‘एनडी’ म्हणजे न्यू दिल्ली) नाव पडलं आणि नावातल्या दिल्लीवरून आपल्याकडे मोठी ओरड झाली. नावाचा राग समजू शकतो, पण २०११ साली दिल्लीच्या नळाच्या आणि साचलेल्या पाण्याच्या नमुन्यांतही ते जनुक मिळालं होतं.

हॉस्पिटलात चुका साध्याच होतात. डबा घेऊन आलेले काका शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचीही उशी सारखी करून येतात, मध्ये हात धुवत नाहीत. लघवीची पिशवी कुणी जमिनीवर टेकवतं, तर कुणी रुग्णाला हलवताना त्याच्या पोटावर ठेवतं. ती कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न लागता लटकलेली हवी. लघवीच्या नळीची गरज अजून आहे का, हे रोज विचारा. सॅनिटायझर चांगलंच, पण अँटिबायोटिकनंतर सी. डिफिसिल या आतड्यातल्या जिवाणूचे जुलाब लागलेल्या रुग्णाजवळ ते पुरत नाही. तिथे साबण आणि पाणीच हवं.

मागच्या काही महिन्यांतली अँटिबायोटिक्स, ॲडमिशन आणि जुने कल्चर रिपोर्ट डॉक्टरांपासून लपवू नका. गुदाशयातून प्रोस्टेटची बायप्सी व्हायची असेल तर हे जरूर सांगा, कारण सुई तिथल्याच जंतूंमधून जाते. सुट्टीला गावी येऊन इथे ॲडमिट झालेल्यांनी परदेशी परतल्यावर तिकडच्या डॉक्टरांनाही कळवावं.

उलट्या बाजूची चूकही दिसते : हे सगळं वाचून अँटिबायोटिकलाच नकार देणं. लघवीची नळी असलेल्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तो असंबद्ध बोलू लागला, लघवी कमी झाली, तर तासाचीही वाट पाहू नका. पहिला डोस देण्याआधी रक्ताचं आणि लघवीचं कल्चर घेतलंय का, एवढं मात्र विचारा.