आलेखाआधी झिजेचा व्रण बघा: ट्रायबॉलॉजीत नव्याने येणाऱ्यांसाठी

एमटेकच्या प्रकल्पासाठी ट्रायबॉलॉजी, म्हणजे घर्षण, झीज आणि वंगण यांचं शास्त्र, घेतली, तेव्हा माझी समजूत एवढीच होती: तेल घसरडं असतं, म्हणून इंजिन झिजत नाही. मेकॅनिकलकडून येणारे बरेच जण हीच समजूत घेऊन येतात. ती जितक्या लवकर मोडेल तितकं बरं.

तेलाचं पहिलं काम म्हणजे दोन पृष्ठभागांना एकमेकांपासून उचलून धरणं. १८८३ च्या सुमारास ब्यूचँप टॉवर हे इंग्लिश अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडायला त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आस फिरायला लागल्यावर तेल त्याच भोकातून उसळून वर आलं. बूच बसवलं, ते बाहेर फेकलं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही टिकली नाही. फिरणारा आस तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तिथे दाब तयार होतो, हे ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये गणिताने मांडलं. रेनॉल्ड्सचं समीकरण शिकताना ती खुंटी डोळ्यासमोर ठेवा, मग प्रत्येक पदाचा अर्थ लागत जातो.

पण हा तेलाचा थर वेगावर जगतो. पिस्टन मधल्या टप्प्यात जोरात धावतो, तेव्हा रिंग तेलावर तरंगते. वरच्या टोकाला तो क्षणभर थांबतो, वेग शून्य होतो आणि थर विरतो. जुना सिलिंडर उघडून बघा, सगळ्यात जास्त झीज वरची रिंग जिथून परत फिरते तिथेच सापडेल. पातळ तेल वापरलं तर मधल्या टप्प्यातला तेलाचा अवरोध कमी होतो आणि इंधन वाचतं, पण टोकाला धातूवर धातू घासण्याची वेळ जास्त येते. स्ट्रायबेकचा वक्र, म्हणजे वेग, भार आणि तेलाचा दाटपणा यांनुसार घर्षण कसं बदलतं याचा आलेख, हेच सांगतो. तो नुसता काढता येऊन भागणार नाही, इंजिनाचा कुठला भाग कोणत्या क्षणी त्या वक्रावर कुठे उभा आहे, हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

थर विरला की सूत्रं रसायनशास्त्राच्या हातात जातात. झेडडीडीपी हे १९४० च्या दशकापासून वापरात असलेलं, तेलात मिसळायचं जस्त-फॉस्फरसयुक्त पूरकद्रव्य घासल्या जाणाऱ्या जागीच फॉस्फेटचा काचेसारखा थर उभा करतं, जेमतेम ०.१ मायक्रॉन जाडीचा. स्वतः झिजून तो खालचं पोलाद वाचवतो. मात्र त्यातला फॉस्फरस धुरावाटे जाऊन तो धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो, म्हणून पेट्रोल इंजिनाच्या तेलांसाठी असलेल्या आयएलसॅक जीएफ-६ मानकात त्याला ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. झेडडीडीपी वाढवत नेण्याचा मार्ग असा बंद झाला की पृष्ठभागाच्या लेपाला महत्त्व येतं. टॅपेट, पिस्टन पिन, रिंग यांवर हिऱ्यासारख्या कार्बनचा, म्हणजे डीएलसीचा, एक-दोन मायक्रॉनचा काळा लेप देतात.

इथेच मी चुकलो. हायड्रोजनयुक्त डीएलसीचा लेप दिलेली डिस्क, तिच्यावर घासणारी पोलादाची पिन आणि मॉलिब्डेनमचं घर्षणरोधक पूरकद्रव्य, एमओडीटीसी, घातलेलं तेल असा प्रयोग लावला. घर्षणांक ०.१ वरून ०.०५ च्या आसपास उतरला. आलेख इतका सुरेख आला की मी त्याच संध्याकाळी अहवाल लिहायला बसलो. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, “डिस्क बघितलीस का?” सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर काळ्या पट्ट्याच्या मधोमध चकचकीत रुपेरी रेघ दिसली. लेप आरपार गेला होता आणि खालचं पोलाद उघडं पडलं होतं. हे पूरकद्रव्य पोलादावर घर्षण छान उतरवतं, पण अशा डीएलसीला खाऊन टाकतं, हे शोधनिबंधांत आधीच नोंदलेलं होतं. मी लेपावरचे निबंध वाचले होते, तेलावरचे वाचले होते. दोघांना एकत्र ठेवणारे वाचले नव्हते.

घर्षण कमी म्हणजे झीज कमी, हे गृहीत धरू नका. या क्षेत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच, आणि नोकरीतही तिचाच उपयोग झाला. तेल बनवणारे आणि लेप देणारे बहुधा वेगवेगळ्या कंपन्यांत बसतात. “हा लेप कोणत्या तेलात तपासला?” हा प्रश्न बैठकीत नवख्याने विचारला तरी लोक थांबून ऐकतात.

अभ्यासाचं म्हणाल तर द्रवगतिकी आणि पदार्थविज्ञान (मटेरियल सायन्स) तुम्ही कराच, पण पृष्ठभाग रसायनशास्त्राचा एक विषय आवर्जून घ्या. मी तो टाळला आणि नंतर दुप्पट वेळ घालवला.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवसापासून प्रत्येक चाचणी निदान तीनदा करा आणि घासण्याआधीचा खडबडीतपणा मोजून ठेवा. चाचणी संपल्यावर नमुना लगेच फडक्याने पुसू नका. आधी तेलासकट फोटो काढा, खाली साचलेलं तेल बाटलीत भरून तारीख लिहा, मग हेप्टेनने हलकेच धुवा. झिजून पडलेले कण त्या तेलातच असतात, आणि लेप पापुद्रे निघून गेला की हळूहळू घासून गेला, हे त्यांच्या आकारावरून कळतं.