झुडपातला टिकटिक करणारा बेडूक राओर्चेस्टेस आहे का, ते कसं बघायचं

राओर्चेस्टेस ही झुडपात राहणाऱ्या छोट्या बेडकांची जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट. जूनमध्ये पहिले दोन-चार जोरदार पाऊस झाले की आंबोली नाहीतर ताम्हिणीला रात्री जा आणि आधी टॉर्च बंद करून नुसते उभे रहा. खाली डबक्यातनं डराव डराव येतंय त्याच्याकडे लक्ष देऊ नका, कंबरेच्या उंचीच्या झुडपातनं टिक टिक टिक येतंय ना, तिकडे हळूहळू सरका. जवळ गेलात की तो गप्प बसणार, मग तुम्हीपण गप्प बसा, पाचेक मिनिटांत परत चालू करतो.

दिसला की साइज बघा. बहुतेक दोन-अडीच सेंटीमीटरचे, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षा जरासे मोठे, बोटांच्या टोकाला चपट्या गोल गाद्या आणि ओरडताना गळ्याखाली एकच मोठा पारदर्शक फुगा. आजूबाजूला पाणी नसलं तरी गोंधळू नका, यांना टॅडपोल (शेपटीवालं, पाण्यात पोहणारं पिल्लू) स्टेजच नसते, अंड्यातनं थेट छोटा बेडूकच बाहेर येतो. फेसाचं घरटं दिसलं तर ते यांचं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

आता नावाची भानगड. जुन्या पुस्तकात हे सगळे फिलाउटस म्हणून सापडतील, 2010 मध्ये बेडूक-अभ्यासक बिजू आणि मंडळींनी डीएनए बघून वेगळी जीनस केली आणि बंगलोरचे प्राणिशास्त्रज्ञ सी. आर. नारायण राव यांच्यावरनं राओर्चेस्टेस नाव दिलं. त्यामुळे जुनं नाव दिसलं तर चूक समजू नका, नवीन शोधा. जवळची जीनस स्यूडोफिलाउटस, ती मुख्यतः श्रीलंकेतली, पण तिची एक स्पीशीज (जात) आपल्या आंबोलीच्याच नावाची आहे, म्हणून तिथे दोघांची गल्लत होऊ नये यासाठी जास्त जपून.

स्पीशीजची घाई मात्र करू नका राव! सत्तरच्या वर स्पीशीज आहेत आणि एकाच स्पीशीजमध्ये तपकिरी, पिवळट, पट्टेवाला असे सगळे रंग मिळतात, रंगावरनं नाव ठोकलं की फसलात. 2013 चा राओर्चेस्टेस घाटेई (पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे सर यांच्यावरनं नाव) आपल्याच घाटातला, तोही नुसत्या फोटोवरनं सांगता येईलच असं नाही. म्हणून मोबाइलवर मिनिटभर आवाज रेकॉर्ड करा आणि तापमान लिहून ठेवा, कारण गारठ्यात टिकटिक मंदावते. फोटो वरनं, बाजूनं, जमलं तर पायाचा. हातात घ्यायचा नाही. एवढं करूनही शंका राहिली तर सरळ 'राओर्चेस्टेस एसपी.' (म्हणजे जीनस कळली, स्पीशीज नाही) लिहा, त्यात कमीपणा काही नाही.