जेन हाती घेण्याआधीची तयारी

अल्ट्रा स्ट्रीट फायटर 4 या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये जेन हे पात्र खेळायचं ठरवलंत की बहुतेक जण पहिल्या दिवशी एकच गोष्ट करतात. मूव्ह लिस्ट, म्हणजे पात्राच्या हल्ल्यांची यादी, उघडतात, वरपासून खालपर्यंत प्रत्येक मूव्ह एकदा मारून बघतात आणि दोन तासांनी रियूसारख्या ओळखीच्या पात्राकडे परत जातात. तसं करू नका. जेनची सगळ्यात महत्त्वाची मूव्ह अशी यादी चाळून लक्षात येत नाही, कारण तिने समोरच्याला काहीच लागत नाही. ती म्हणजे पवित्रा, म्हणजे लढायची ढब, बदलणं. तयारी तिथून सुरू करा, बाकीचं त्याच्या मागे येतं.

थोडी ओळख हवी. हा म्हातारा चिनी मारेकरी 1987 च्या पहिल्या स्ट्रीट फायटरपासून आहे. चौथ्या भागाच्या आर्केड आवृत्तीत तो नव्हता, 2009 मध्ये घरच्या कन्सोलवर खेळ आला तेव्हा तो आला. त्याच्याकडे दोन पवित्रे आहेत, मँटिस आणि क्रेन. हलका, मधला, जड असे तिन्ही पंच एकदम दाबले की मँटिस, तशाच तिन्ही किक एकदम दाबल्या की क्रेन. प्रत्येक पवित्र्याची सहा बटणं वेगळी, स्पेशल (स्टिकची हालचाल आणि बटण मिळून निघणारे हल्ले) वेगळे, सुपर वेगळा, अल्ट्राही वेगळा; हे शेवटचे दोन पट्टी भरल्यावरच निघणारे मोठे हल्ले. म्हणजे एका खेळाडूच्या पैशात दोन खेळाडू, पण दोघांना एकमेकांच्या मदतीशिवाय फारसं जमत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तिच्यामुळे जेन इतर पवित्र्यांच्या पात्रांपेक्षा सोपा होतो. हे एकच बटण दाबून आलटून पालटून बदलणारं प्रकरण नाही. तीन पंच म्हणजे कधीही मँटिसच, तीन किक म्हणजे कधीही क्रेनच. आत्ता आपण कुठल्या पवित्र्यात आहोत हे गोंधळात आठवलं नाही तरी बिघडत नाही. जो हवा त्याची बटणं दाबा. आधीच त्यात असाल तर नुकसान काही नाही. ही सवय बोटांत उतरली की अर्धी भीती तिथेच जाते.

आता हातातलं साधन तपासा. प्लेस्टेशनच्या पॅडवर या खेळाची मूळ मांडणी जेनसाठीच केल्यासारखी आहे, एल 1 वर तिन्ही पंच आणि एल 2 वर तिन्ही किक. डाव्या तर्जनीला मँटिस, मधल्या बोटाला क्रेन, इतकं सरळ. ती मांडणी कुणी बदलली असेल तर परत करून घ्या. आर्केड स्टिकवर वरची ओळ पंचांची, खालची किकची, त्यामुळे तीन बोटं वर टेकवली की मँटिस आणि खाली टेकवली की क्रेन. कीबोर्डवाल्यांनी मात्र इथे जरा थांबायचं. आपल्याकडे पीसीवर खेळणारे बरेच जण साध्या कीबोर्डवर खेळतात आणि स्वस्त कीबोर्ड एका वेळी ठरावीक कळांपलीकडे ओळखत नाहीत. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट डिस्प्ले, म्हणजे दाबलेली बटणं पडद्यावर दाखवणारी सोय, सुरू करा, खाली-मागे दाबून धरा आणि वरून तीन पंचांच्या कळा एकदम दाबा. पडद्यावर तिन्ही खुणा प्रत्येक वेळी उमटल्या तर ठीक. एखादी अधूनमधून गळत असेल तर तिन्ही पंचांना मिळून एक स्वतंत्र कळ नेमा, तिन्ही किकना दुसरी. हे न करता सराव केलात तर चूक बोटांची की कीबोर्डची हेच कधी कळणार नाही.

साधन ठीक झालं की पहिल्या बैठकीत फटका मारायचाच नाही. फक्त पवित्रा बदला. उभ्याने बदला, मागे चालताना बदला, बसून बदला, उडी मारताना बदलून बघा. मग एक साधा फटका मारून लगेच बदला, आणि तो संपल्यावर किती लवकर नवा पवित्रा लागतो ते डोळ्यांनी बघा. याच बैठकीत घरचा पवित्रा ठरवून टाका, म्हणजे काहीच सुचत नसेल तेव्हा ज्यात उभं राहायचं तो. नव्या माणसाने मँटिस घ्यावा असं माझं मत आहे. मँटिसच्या दोन्ही मुख्य स्पेशलना चार्ज, म्हणजे एखादी दिशा आधी थोडा वेळ धरून ठेवणं, लागत नाही, त्यामुळे घाबरलेल्या हातांनाही ते जमतात. क्रेनमध्ये जायचं ते काही कामासाठी, आणि काम झालं की परत घरी.

आता मँटिसचं मुख्य हत्यार, ह्याकुरेन्को. खेळाडू त्याला नुसतं हँड्स म्हणतात. पंचाचं बटण भराभर पाच वेळा दाबलं की हातांचा मारा सुरू होतो. ऐकायला सोपं वाटतं, पण एकाच बोटाने एकच बटण पाच वेळा दाबायला गेलात तर कॉम्बोत, म्हणजे न तुटता लागणाऱ्या फटक्यांच्या साखळीत, ते वेळेत बसत नाही. त्यासाठी बोटं फिरवावी लागतात. वाट बघताना आपण टेबलावर बोटं वाजवतो तशी, हलका, मधला, जड, परत हलका, मधला. मोजणीत तुमचे आधीचे जॅब, म्हणजे हलके पंचही धरले जातात, हे इथलं गुपित. बसून दोन हलके पंच मारलेत तर पाचांतले दोन तिथेच झाले, उरले तीन. आणि शेवटी जे बटण दाबाल त्याच्या ताकदीचे हँड्स निघतात. त्यामुळे क्रम आधी ठरवावा लागतो, बोट कुठून सुरू करायचं म्हणजे ते जड पंचावर थांबेल हे बघून.

हे असं बसवा. ट्रेनिंगमधली डमी, म्हणजे सरावाचा प्रतिस्पर्धी, नुसती उभी, तिला काहीही करायला सांगू नका. बसून हलका पंच, परत हलका पंच, आणि दुसरा लागतो न लागतो तोच उरलेली तीन बटणं डावीकडून उजवीकडे एका झटक्यात. कॉम्बोचा आकडा न तुटता पुढे गेला तर जमलं. आकडा तुटून परत पहिल्यापासून मोजायला लागला तर बोटं उशिरा फिरली. हँड्स आलेच नाहीत आणि नुसता एक जड पंच आला तर मधलं एखादं बटण गळलं, इनपुट डिस्प्लेवर कुठलं ते दिसेल. उजव्या बाजूने जमायला लागल्यावर डावीकडेही तेवढाच वेळ द्या. बोटं तीच असली तरी स्टिक धरलेला हात उलटा झाला की ताल बिघडतो. हे पक्कं होईपर्यंत दुसरा कुठलाही कॉम्बो शिकू नका, कारण जवळ गेल्यावर जेनची धाक बसवायची ताकद मुख्यतः यात आहे.

मँटिसचं दुसरं अंग म्हणजे गेकिरो. ड्रॅगन पंचची हालचाल (पुढे, खाली, खाली-पुढे) आणि किक. समोरून उडी मारून येणाऱ्याला उत्तर म्हणून हे आधी शिका. पहिली लाथ लागल्यावर पुढच्या लाथा आपोआप येत नाहीत, प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी किक दाबावी लागते. घाईघाईने बडवलंत तर मालिका मध्येच संपते. आवाज चालू ठेवून सराव करा, लाथ लागल्याचा ठोका ऐकून पुढची दाबा. सुरुवातीला पूर्ण मालिकेचा हट्ट नको. दोन-तीन लाथा हुकमी आल्या तरी सामन्यात तेवढ्याने भागतं.

मग सहा बटणांकडे वळा. सहा बटणं उभ्याने, बसून आणि उडीत म्हणजे अठरा, दोन पवित्र्यांचे मिळून 36, आणि जवळून उभ्याने मारलेले काही फटके पुन्हा निराळे. हे सगळे पाठ करणं म्हणजे वेळ घालवणं. ट्रेनिंगमध्ये डमीसमोर उभे राहा आणि प्रत्येक पवित्र्याला तीनच प्रश्न विचारा. सगळ्यात लांब कुठला पोचतो, वरून येणाऱ्याला कुठला अडवतो, आणि कुठल्या फटक्यातून थेट स्पेशलमध्ये जाता येतं. उत्तरं कागदावर लिहा, मोबाइलवर नको, कारण कागद पडद्याशेजारी उभा राहतो. दोन्ही पवित्र्यांचे मिळून जे सहा फटके येतील ते पहिल्या महिन्याचे. बाकीचे तीस तुम्हाला हरवणाऱ्या माणसांकडून आपोआप कळतात.

क्रेनला वेगळा हात लागतो, कारण त्याचे दोन्ही स्पेशल चार्जचे आहेत. जासेन म्हणजे मागे धरून पुढे आणि पंच, ओगा म्हणजे खाली धरून वर आणि किक. चार्ज साधारण एक सेकंद धरावा लागतो. गुइल किंवा चुन-ली खेळलेल्यांना हे नवं नाही, पण रियू-केन खेळून आलेल्यांना हा एक सेकंद फार मोठा वाटतो. तो पवित्रा बदलण्याच्या आधीच सुरू करायचा असतो. मँटिसमध्ये ब्लॉक करत खाली-मागे बसलाच आहात, तेव्हाच घड्याळ चालू करा. दिशा न सोडता तिन्ही किक दाबून क्रेनमध्ये या, आणि मग वर आणि किक. दिशा धरणारा हात आणि पवित्रा बदलणारा हात एकमेकांपासून सुटे व्हायला हवेत, आणि नव्या खेळाडूंचं नेमकं इथेच अडतं. पवित्रा बदलताना अंगठा नकळत मधोमध येतो आणि चार्ज जातो. इनपुट डिस्प्लेवर खाली-मागेची खूण सलग राहते का एवढंच बघत हा सराव करा, ओगा आला की नाही ते नंतर.

जासेनवर फार वेळ घालवू नका. हलक्या, मधल्या आणि जड पंचाने तो कुठवर जातो तेवढं एकदा बघून ठेवलं की झालं. ओगाला मात्र वेळ द्या. जेन भिंतीकडे झेपावतो आणि पुढे काय करायचं ते तुमची स्टिक ठरवते, म्हणजे कुठून आणि कशी झेप घ्यायची की नुसतंच निसटायचं. प्रत्येक दिशा दाबून बघा, पण त्यातल्या दोनच निवडा, एक पळण्याची आणि एक मारण्याची. कोपऱ्यात सापडल्यावर ईएक्स ओगा, म्हणजे दोन किक एकदम दाबून निघणारा जोरदार ओगा, हा जेनचा सुटकेचा रस्ता आहे. त्यासाठी मीटर, म्हणजे लढताना भरत जाणारी शक्तीची पट्टी, राखून ठेवायला शिका. सगळा मीटर कॉम्बोत उधळला की म्हाताऱ्याला कोपऱ्यातून बाहेर काढणारं कुणी नसतं.

पडल्यानंतरचीही तयारी आधीच करावी. डमीला पाय मारून पाडायला शिकवा, ते रेकॉर्ड करा, आणि स्वतः पडून उठत राहा. मँटिसमध्ये पडलो तर काय, क्रेनमध्ये पडलो तर काय, आणि उठता उठता किती लवकर हवा तो पवित्रा मिळतो, हे तीनही तुमच्या बोटांना माहीत असलं पाहिजे. अल्ट्रा आवृत्तीत उशिरा उठण्याची सोय आहे, तीही इथेच वापरून बघा. आणि पुष्कळदा योग्य उत्तर नुसतं ब्लॉक करणं हेच असतं.

अल्ट्राचं काम थोडक्यात. सामन्याआधी दोनपैकी एक अल्ट्रा निवडायचा असतो. पहिल्या अल्ट्रात मँटिसचा झेत्सुएई पंचांनी निघतो, क्रेनचा र्‍युकोहा किकनी. स्टिकची हालचाल एकच, बटणं वेगळी. चुकीच्या पवित्र्यात चुकीची बटणं दाबलीत तर अल्ट्रा येत नाही, म्हणून हालचाल सुरू करण्याआधी पवित्रा ठरलेला हवा. दुसऱ्या अल्ट्रात शितेन्केत्सु आणि हवेतून मारायचा तेइगा आहेत. अल्ट्रा कॉम्बो डबल, म्हणजे दोन्ही एकत्र घेण्याचा पर्याय, निवडला तर चारही मिळतात, फक्त प्रत्येकाचा मार कमी होतो. सुरुवातीला पहिला अल्ट्राच घ्या. चार पर्याय समोर असले की नवा हात एकही वेळेत मारत नाही.

एवढं झाल्यावर, आधी नाही, एव्हो या मारामारीच्या खेळांच्या मोठ्या स्पर्धेचा 2013 चा अंतिम सामना बघा. लास व्हेगासमध्ये सिंगापूरच्या झियान या खेळाडूने जेन घेऊन टोकिडो या खेळाडूच्या अकुमा या पात्राला हरवलं आणि स्पर्धा जिंकली. खेळाच्या कथेतही जेनचं जुनं वैर अकुमाशीच आहे, त्यामुळे तो सामना बघताना अंगावर काटा येतो. पण अभ्यासाला बसाल तेव्हा कॉम्बो बघू नका. पहिल्यांदा बघताना फक्त झियान कधी कुठल्या पवित्र्यात उभा आहे तेवढंच बघा. दुसऱ्यांदा बघताना, बदलण्याच्या आधी समोरचा काय करत होता ते बघा. उडी मारत होता, मागे सरकत होता की पडला होता? व्हिडिओ थांबवत थांबवत हे टिपून ठेवलंत तर मूव्ह लिस्टमध्ये नसलेलं बरंच काही हाती लागेल. कुठला पवित्रा चांगला हा प्रश्न त्या सामन्यात उभाच राहत नाही, आत्ता कुठला चांगला एवढाच राहतो.

मग मित्राला बोलवा किंवा ऑनलाइन जा, पण प्रत्येक बैठकीला एकच काम घेऊन. एक दिवस फक्त हँड्स, जिथे दोन जॅब लागतील तिथे हँड्स निघालेच पाहिजेत. एक दिवस फक्त उडीला गेकिरो. एक दिवस ब्लॉक करता करता चार्ज आणि क्रेन. त्या दिवशी हरलात तरी ठरलेलं काम किती वेळा झालं तेच मोजा. रिप्ले जपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ट्रेनिंगला बसण्याआधी एक तरी पूर्ण बघा. ज्या ज्या ठिकाणी चुकीच्या पवित्र्यात सापडलात तिथे थांबवून कागदावर एक ओळ लिहा. समोर कोण होतं, त्याने काय केलं आणि तुम्ही कशात उभे होतात. त्या दिवशीचा सराव त्याच ओळींमधून निवडा.