या चुका टाळा: हीट पंपासाठी वीजमीटर आणि दरयोजना निवडताना

हीट पंप म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने खेचून घर आणि पाणी तापवणारं यंत्र. त्याचं बिल फुगलं की लोक यंत्राला दोष देतात. बहुतेक वेळा घोळ मीटरच्या जोडणीत किंवा चुकीच्या दरयोजनेत असतो. आधी मोजणी नीट करा, दराचं नंतर बघू.

सबमीटर फक्त बाहेरच्या युनिटवर

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि तिच्यामुळे माणूस वर्षानुवर्षं गाफील राहतो. पंपाच्या घराबाहेरच्या युनिटला स्वतंत्र एमसीबी (सर्किटचा स्विच) असतो, म्हणून घाईघाईत सबमीटर, म्हणजे पंपाची वीज वेगळी मोजणारा मीटर, तिथेच बसवला जातो. बॅकअप हीटर (पंप कमी पडला की चालणारा साधा विजेचा हीटर) आणि पाणी फिरवणारा पंप मात्र दुसऱ्या एमसीबीवर राहतात.

नमुन्याचा हिशेब बघा. महिन्याचं सबमीटर रीडिंग ६०० युनिट, उष्णता-मीटरवर, म्हणजे पाण्यातून मिळालेली उष्णता मोजणाऱ्या मीटरवर, २,४००. मालक खूश, कारण एका युनिटला चार युनिट उष्णता! पण उष्णता-मीटर बॅकअप हीटरच्या पुढे बसवलाय. म्हणजे हीटरची उष्णता जमेत धरली आणि त्याने खाल्लेली वीज सोडून दिली. हीटरचे ३०० आणि फिरत्या पंपाचे ४० युनिट मिळवले की खरी वीज ९४०, आणि गुणोत्तर (उष्णता भागिले वीज) जेमतेम २.५५. शिवाय हीटर इतका का चालतोय, हा खरा प्रश्न कोणी विचारतच नाही.

उपाय एकच: गरम करण्याशी संबंधित सगळे एमसीबी एका फीडरवर (एकाच मुख्य वायरवर) आणा आणि मीटर त्याच्या आधी लावा. कंट्रोलरच्या पडद्यावर दिसणारी वीज बऱ्याच यंत्रांत अंदाजे असते. त्या आकड्यावर दर निवडू नका.

मग चाचणी घ्या. बाकीचं सगळं बंद ठेवून ३ किलोवॉटचा हीटर २० मिनिटं चालवा. मीटर १ युनिट पुढे जायला हवा. क्लॅम्पचा सीटी (वायरभोवती बसवून प्रवाह मोजणारा सेन्सर) असेल तर तो एकाच वायरभोवती हवा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडले की रीडिंग शून्य येतं. थ्री-फेजमध्ये सीटी एका फेजवर आणि व्होल्टेजची वायर दुसऱ्या फेजवर गेली, तर हीटरचं रीडिंग निम्मं आणि उणे चिन्हाचं दिसतं. ते बघून सीटी उलटा फिरवणारे असतात. त्याने चिन्ह सुधारतं, आकडा निम्माच राहतो.

फक्त स्वस्त तासांत चालवायचा हट्ट

रात्रीचे सात तास निम्मा दर मिळतो म्हणून टायमर लावून दिवसा पंप बंद ठेवतात. घराला सरासरी ५ किलोवॉट उष्णता लागत असेल, तर दिवसाला १२० युनिट हवेत. ८ किलोवॉटचा पंप सात तासांत ५६ देतो. त्यासाठी पाण्याचं तापमान ३५ वरून ५० अंशांवर नेलं, तर गुणोत्तर ४ वरून ३ च्या आसपास उतरतं. उरलेले ६४ युनिट दिवसा महाग दरात बॅकअप हीटर भरून काढतो, कारण टायमर पंपाला लावलाय, हीटरला नाही. पूर्ण दराच्या युनिटांत मोजलं तर चोवीस तास मंद चालवून खर्च सुमारे २६ येतो, या शहाणपणाने ७३.

पंप बाहेरच्या तापमानानुसार अखंड चालू द्या. संध्याकाळचे सगळ्यात महाग दोन-तीन तास तेवढे टाळा, आणि त्या वेळी हीटरही बंद राहील असं सेटिंग करा. स्वस्त तासांत हलवायचीच तर गरम पाण्याची टाकी हलवा, तीही पंपानेच तापवून. २०० लिटर पाणी १५ वरून ५० अंशांवर न्यायला ८.१ युनिट उष्णता लागते. गुणोत्तर ३ धरलं तर पंपाला २.७ युनिट वीज पुरते. निम्म्या दरातही हीटर त्याहून महागच पडतो.

बाकीच्या चुका

वेगळं मीटर घेताना त्याचा वार्षिक स्थिर आकार भागिले दरातला फरक, एवढं गणित करा. आकार ४०० युनिटांच्या किमतीइतका आणि सवलत २० टक्के असेल, तर वर्षाला २,००० युनिटांच्या आत वेगळं मीटर तोट्याचं.

छतावर सोलर असेल आणि पंप वेगळ्या मीटरवर गेला, तर घरच्या मीटरमागची सौर वीज सहसा पंपाला मिळत नाही. हे आधी विचारून घ्या.

लेबलवरचे ८ किलोवॉट ही उष्णता आहे, विजेचा भार नव्हे. जोडभार वाढवताना कमाल विद्युत इनपुट अधिक बॅकअप हीटर धरा.

उन्हाळ्यातल्या बिलावरून दरयोजना ठरवू नका. थंडीतल्या महिन्याचं तासावार रीडिंग हातात येईपर्यंत थांबा, आणि तोवर लांब मुदतीच्या करारावर सही करू नका.