सॉफ्टीचं मशीन सारखं बंद पडतंय? या चुका टाळा

एप्रिलची दुपार, कॉलेज रोडवर कोनसाठी रांग आणि काउंटरवरून ठरलेलं उत्तर: ‘सॉफ्टी नाही, मशीन बंद आहे.’ नाशकात ही मशीनं दुरुस्त करत फिरताना मला एक गोष्ट कळून चुकली आहे. ‘बंद’ म्हणजे ‘बिघडलेलं’ असंच नसतं. बऱ्याचदा मशीनने स्वतःच काम थांबवलेलं असतं, आणि का थांबवलं हे कुणी बघितलेलंच नसतं.

हे दुखणं जगभरचं आहे. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या मशीनवर इतके विनोद झाले की २०२० मध्ये एका तरुणाने कुठल्या शाखेचं मशीन बंद आहे ते नकाशावर दाखवणारी ‘मॅकब्रोकन’ ही वेबसाइटच काढली. तिथल्या बऱ्याच शाखांत टेलर कंपनीचं मशीन असतं. जंतू मारण्यासाठी ते रोज रात्री आतलं मिश्रण साधारण ६६ अंशांपर्यंत तापवतं, अर्धा तास तसंच ठेवतं आणि पुन्हा गार करतं. या सगळ्याला चारेक तास लागतात. हॉपरमध्ये, म्हणजे मिश्रण ओतायच्या वरच्या टाकीत, मिश्रण ठरल्यापेक्षा कमी किंवा जास्त असलं की हा फेरा फसतो. सकाळी मशीन कुलूपबंद आणि पडद्यावर कोड! कोडचा अर्थ दुकानातल्या पोराला कळत नाही, मग कंपनीच्या माणसाची वाट बघायची. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट ऑफिसने दुकानांतल्या अशा मशीनचं डिजिटल कुलूप दुरुस्तीसाठी उघडायला मुभा दिली.

तेव्हा पहिली चूक म्हणजे कोड न वाचता मशीन बंद-चालू करत राहणं. आधी पडद्याचा फोटो काढा, मग बटणाला हात लावा.

आता आपल्याकडचं. पंचवटीपासून गंगापूर रोडपर्यंत गाड्यांवर आणि छोट्या दुकानांत जी मशीनं दिसतात, त्यातल्या बहुतेकांत रात्री तापवायची सोय नसते. म्हणजे कुलूप लागत नाही, पण धुण्याचं सगळं काम माणसावर येतं. रोज रात्री मिश्रण काढायचं, बीटर (आत मिश्रण घुसळणारा दांडा) आणि पुढचा दरवाजा सोडवून कोमट पाण्याने धुवायचा, सॅनिटायझरचं पाणी फिरवायचं. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक वाकतं. ओ-रिंगला, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कडीला, फूड ग्रेड (खाण्याच्या मशीनसाठीचं) ग्रीसच लावा. खोबरेल तेल आणि साजूक तूप लावलेलीही मी पाहिली आहेत. रबर फुगतं आणि दरवाजातून थेंब थेंब गळती सुरू होते.

धुऊन झाल्यावरची चूक मात्र सगळ्यात महागात पडते. सिलिंडरमध्ये, म्हणजे मिश्रण जिथे गोठतं त्या नळकांड्यात, पाणी राहिलेलं असताना कुलिंग चालू करणं. सॉफ्टी उणे पाच-सहा अंशांच्या आसपास तयार होते, आणि पाणी तर शून्यालाच गोठतं. आत बर्फाचा ठोकळा, बीटर जागेवर जाम, बेल्ट किंचाळतो, मोटर ट्रिप होते. इंदिरानगरच्या एका दुकानदाराने तो बर्फ स्क्रू-ड्रायव्हरने फोडायचा प्रयत्न केला आणि सिलिंडरला आतून ओरखडे पडले. असं झालं तर मशीन बंद करा आणि बर्फ आपोआप वितळू द्या. तासभर धंदा बुडेल, पण सिलिंडर वाचेल.

हाच प्रकार पातळ मिश्रणानेही होतो. पाकीट पुरवून वापरायचं म्हणून वर लिटरभर जास्त दूध ओततात. काटकसर समजते मला, पण साखरेमुळेच मिश्रण दगडासारखं गोठत नाही. साखर पातळ झाली की तेच मिश्रण बर्फ धरतं आणि बीटरवर ताण येतो. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी किंवा दूध घाला, नीट विरघळू द्या, फ्रिजमध्ये थंड करा आणि मगच हॉपरमध्ये ओता. कोमट मिश्रण ओतलं की मशीनचा सगळा जीव ते गार करण्यातच जातो.

उन्हाळ्यात फोनवर हमखास ऐकू येणारं वाक्य: ‘गॅस संपलाय, भरून द्या.’ अहो, मशीन गार करणारा हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही! बंद पाइपमध्ये फिरतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, ती न शोधता भरला तर पुन्हा जाणार. आणि बहुतेक वेळा गॅस ठीकच असतो. मशीन भिंतीला चिकटवलेलं, मागे खोक्यांची थप्पी, कंडेन्सरवर (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) धुळीची गोधडी. पारा चाळिशीला टेकला की गरम हवा बाहेर जायला वाटच उरत नाही. मागे-बाजूला वीतभर जागा सोडा, महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून मऊ ब्रशने धूळ झाडा.

विजेचं थोडक्यात: योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर लावा, जनरेटरवर चालवताना व्होल्टेज बघा. लाइट गेली आणि लगेच आली तर तीन-चार मिनिटं थांबून मशीन चालू करा, नाहीतर कॉम्प्रेसर घुंघुं करत ट्रिप होईल.

एवढं करूनही अडलं, तर मेकॅनिकला फोन करताना ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. बीटर फिरतोय का, कॉम्प्रेसरचा आवाज येतोय का, शेवटचं मिश्रण कधी ओतलं आणि धुतलं कधी, हे सांगा. शेवटच्या प्रश्नाला लोक हमखास गप्प बसतात. मी तेव्हा सोबत पाना आणि ब्रश दोन्ही घेऊन निघतो.